स्मिथ रॉकच्या कातळांत एक दिवस : पदयात्रिकांसाठी काही सूचना

ज्यांचे पाय सह्याद्रीच्या कडेकपाऱ्यांत घडले आहेत, अशा मंडळींना नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने अथवा मुलाबाळांकडे काही महिने मुक्कामास म्हणून अमेरिकेच्या वायव्य भागातील ऑरेगन राज्यात जाण्याचा योग आला, तर त्यांनी एक अखंड दिवस स्मिथ रॉक स्टेट पार्कसाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगतो. सुमारे साडेसहाशे एकरांचा हा परिसर. त्या देशातील अफाट राष्ट्रीय उद्यानांच्या मानाने त्याचा विस्तार नगण्यच म्हटला पाहिजे. परंतु क्रुकेड नदीने वळसा घालून वेढलेली पिवळसर-तांबूस कातळाची ती डोंगरधार, तिच्यातून सरळ उभे राहिलेले सुळके, आणि त्या सुळक्यांवर दोराच्या आधाराने चढणारी देशोदेशींची माणसे, यांचे जे दर्शन येथे चार-पाच तासांच्या पायपिटीत घडते, ते इतक्या निकटून आणि इतक्या सुलभतेने घडण्याची ठिकाणे थोडी आहेत. हे दर्शन सुखरूप आणि सावकाश घडावे, म्हणून काही पूर्वतयारी आवश्यक असते. शिवाय आपल्याकडील डोंगरांनी आपल्याला ज्या सवयी लावल्या आहेत, त्यांपैकी काही येथे उपयोगी पडत नाहीत, एवढेच नव्हे तर क्वचित घातकही ठरतात. त्यांचाच विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने करावयाचा आहे.

पोर्टलंड शहराच्या पश्चिमेस हिल्सबरो, बीव्हरटन आदी गावांत संगणक-उद्योगाच्या आश्रयाने बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत, आणि स्मिथ रॉकला जाणारा बहुतेक मराठी प्रवासी तेथूनच निघतो. तेथून मोटारीने तीन-साडेतीन तासांचा हा प्रवास आहे. क्रमांक २६ च्या महामार्गाने हिमाच्छादित माउंट हूडला वळसा घालून, वॉर्म स्प्रिंग्ज येथील आदिवासी जमातींच्या राखीव मुलखातून उतरत आपण मॅड्रस गावी येतो, तेथून क्रमांक ९७ च्या रस्त्याने दक्षिणेस टेरबोन गाठतो, आणि गावातून पूर्वेकडे फुटणाऱ्या रस्त्याने शेतांमधून पाच-सहा किलोमीटर गेले की उद्यानाचे वाहनतळ येते. विमानाने येणाऱ्यास रेडमंडचा विमानतळ अगदीच जवळ. मोटारीच्या या वाटेवर एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहावी : माउंट हूडच्या पश्चिम उतारावर ओलसर, शेवाळलेले, दाट सूचिपर्णी अरण्य असते, आणि पर्वताची धार ओलांडून तासभर पुढे जावे तो अरण्य विरळ होत होत संपूर्ण नाहीसे होते व करड्या झुडपांचे कोरडे पठार पसरते. महाबळेश्वरावर रिते झालेले ढग पूर्वेकडे माणदेशाच्या वाट्याला फारसे येत नाहीत, तोच न्याय येथेही लागू आहे. प्रशांत महासागराकडून येणारी वाफ कॅस्केड पर्वतरांग अडवून धरते आणि तिच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशाला वर्षाकाठी आठ-नऊ इंचच पाऊस लाभतो, तोही पुष्कळसा हिवाळ्यात.

या शुष्कतेचे परिणाम ध्यानी घेणे ही पहिली तयारी होय. सह्याद्रीत आपण घामाघूम होतो, सदरा भिजतो, आणि त्या भिजण्यावरून शरीरातील पाणी किती गेले याचा अंदाज आपोआप येत असतो. येथील कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो. कपडे कोरडेच राहतात, श्रमाची जाणीवही बेताचीच होते, आणि तहान लागल्याचे कळेपर्यंत डोके जड होऊन पाय लटपटू लागलेले असतात. म्हणून तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी घ्यावे. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर आणि थंडीच्या दिवसांत दोन लिटर पाण्याची तजवीज असल्याखेरीज नदीवरील पुलापलीकडे पाऊल टाकू नये. किल्ल्यावर टाके असेल, वाटेत झरा भेटेल, निदान एखाद्या वाडीत तांब्याभर पाणी मिळेल, हा आपल्याकडील भरवसा येथे सर्वस्वी व्यर्थ आहे. पिण्याचे पाणी वर वाहनतळाच्या परिसरात भरून घ्यावयाचे. वाटेवर ते कोठेही नाही. नदी डोळ्यांसमोर सतत वाहत असते खरी, पण ती गुराढोरांच्या कुरणांतून व सिंचनाच्या शेतांतून आलेली असल्यामुळे तिचे पाणी पिऊ नये. पाण्यासोबत मीठ-साखरही शरीरास हवी असते, तेव्हा एका बाटलीत लिंबू-सरबत आणि डब्यात दशमी-चटणी किंवा गूळ-शेंगदाणे असावेत, हा आपला जुना शिरस्ता मात्र येथेही उत्तम.

ऋतूंपैकी एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत अनुकूल. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचा पारा सहज तिसाच्या वर जातो, वाटेवर सावली जवळजवळ नसते, आणि तापलेला कातळ सर्व बाजूंनी उष्णता परतवीत राहतो; त्या दिवसांत जाणे भागच असेल तर उजाडता उजाडता चढण सुरू करून दहा-साडेदहापर्यंत नदीकाठच्या झाडांखाली परत यावे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आसमंतातील वणव्यांचा धूर या भागात साचतो. निघण्यापूर्वी हवेच्या शुद्धतेचा त्या दिवसाचा दाखला पाहून घ्यावा, आणि तो प्रतिकूल असल्यास बेत खुशाल रहित करावा. हिवाळ्यात बर्फ पडते, पण अधूनमधून निरभ्र, उन्हाचे सुंदर दिवसही मिळतात. तेव्हा वाटेवरील पायऱ्यांवर रात्रीचे दंव गोठून त्या निसरड्या झालेल्या असतात, एवढी खबरदारी घ्यावी. कोणत्याही ऋतूत एखादा लोकरी कपडा पिशवीत हवाच, कारण दिवसाचे व रात्रीचे तापमान यांत येथे इतकी तफावत असते की दुपारी शर्टावर फिरणारा मनुष्य सूर्यास्तानंतर कुडकुडू लागतो.

आता प्रत्यक्ष उद्यानाकडे वळू. वाहनतळावर मोटार उभी करण्यासाठी दिवसापुरता परवाना काढावा लागतो; तो तेथील यंत्रावर मिळतो आणि मोटारीच्या काचेमागे दिसेल असा ठेवावयाचा असतो. वसंत व शरद ऋतूंतील शनिवार-रविवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सर्व जागा भरून जातात, आणि रस्त्याच्या कडेला जेथे मनाई आहे तेथे मोटार लावल्यास दंड होतो. तेव्हा शक्य तर मधल्या वारी जावे. सुटीच्याच दिवशी जाणे प्राप्त असेल तर आठाच्या आत पोहोचावे. मुक्कामासाठी पायी जाऊन तंबू ठोकण्याची एक साधी जागा उद्यानात आहे. गिर्यारोहक मंडळी प्रायः तीच पसंत करतात. मात्र तेथे मोटारीत झोपण्यास आणि शेकोटी पेटविण्यास मज्जाव आहे.

वाहनतळ ज्या कड्यावर आहे त्याच्या टोकाशी प्रथम दहा मिनिटे उभे राहावे, आणि समोरच्या काठावरचा व आपल्या पायाखालचा दगड निरखून पाहावा. समोरचा पिवळा-तांबडा कातळ म्हणजे सुमारे २ कोटी ९५ लक्ष वर्षांपूर्वी एका प्रचंड ज्वालामुखीच्या उद्रेकातून उसळलेली राख होय. ती स्वतःच्याच उष्णतेने व भाराने घट्ट होऊन तिचा दगड बनला, आणि पुढे नदीने, पावसाने व दंवाने तो कोरून त्याचे सुळके घडविले. याला टफ म्हणतात. आपण उभे आहोत त्या बाजूचा काळा दगड मात्र पुष्कळ अर्वाचीन : दक्षिणेकडील न्यूबेरी ज्वालामुखीतून सुमारे ४ लक्ष वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाव्ह्याचा तो बेसॉल्ट आहे. हा काळा पाषाण आपल्या चांगल्या ओळखीचा. सह्याद्री त्याचाच बनलेला आहे, जरी आपला बेसॉल्ट या दोहोंपेक्षाही प्राचीन, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. नदीने या दोन पाषाणांच्या सीमेवरून आपला मार्ग काढला, आणि म्हणून एका काठावर काळे खांब व दुसऱ्या काठावर सोनेरी सुळके असा हा विलक्षण देखावा निर्माण झाला. इतकी माहिती मनात ठेवून खाली उतरणाऱ्यास पुढची सारी वाट अधिक बोलकी वाटेल.

वाहनतळापासून रुंद वाट दीड-दोनशे फूट उतरून नदीवरील पादचारी पुलाशी येते. आपल्याकडे गडाची चढण आरंभी आणि उतरण शेवटी, असा क्रम असतो. येथे उतरण आधी आहे, म्हणजेच दिवसाची अखेरची मजल चढणीची आहे, हे उतरतानाच मनाशी टिपून ठेवावे. पूल ओलांडला की तीन वाटा फुटतात. समोरची वाट नागमोडी वळणे घेत थेट धारेवर चढते. तिचे नाव मिझरी रिज. डावीकडची नदीच्या प्रवाहासोबत कड्यांच्या पायथ्याने जाते, आणि उजवीकडची प्रवाहाच्या उलट दिशेने उद्यानाच्या निवांत भागाकडे. समोरच्या वाटेने माथा गाठून पलीकडच्या मेसा व्हर्डे वाटेने उतरावे व नदीकाठाने पुलापाशी परत यावे, असा जो सुमारे सहा किलोमीटरांचा फेरा होतो, तोच येथील प्रसिद्ध फेरा. एकंदर चढण हजार फुटांच्या आसपास भरते. आकडा ऐकून राजगड-तोरणा करणारा हसेल. परंतु यातील बराचसा भाग पहिल्या एका किलोमीटरात एकवटलेला आहे, आणि तोही उन्हात.

हा फेरा कोणत्या दिशेने करावा, यावर तेथील जाणत्यांमध्ये दुमत आहे. पूर्वाभिमुख असल्यामुळे मिझरी रिजच्या चढणीवर सकाळी ऊन असते व पश्चिमेची बाजू छायेत असते. दुपारनंतर याच्या उलट. या हिशेबाने उलट फेरा सोयीचा दिसतो. तरीही माझे मत समोरच्या चढणीच्या बाजूने आहे, मात्र सकाळी लवकर. लाकडी ओंडक्यांनी व दगडांनी बांधलेल्या तेथील उंच पायऱ्या चढताना दम लागतो, पण पाय स्थिर राहतो. त्याच पायऱ्या दुपारी थकलेल्या गुडघ्यांनी उतरणे हे त्याहून क्लेशकारक. शिवाय या क्रमाने नदीकाठची लांब, सपाट वाट शेवटी येते, आणि ज्यासाठी येथे यावयाचे ते प्रस्तरारोहण निवांतपणे पाहण्यास दुपार मोकळी सापडते. चढताना वळणे तोडून सरळ वर जाण्याचा मोह होतो; तो आवरावा. येथील माती इतकी सैल व रोपटी इतकी मंदगतीने वाढणारी आहेत की एका हंगामात पडलेली आडवाट बुजण्यास अनेक वर्षे लागतात, आणि दरम्यान पावसाची प्रत्येक सर तेथून माती वाहून नेते.

माथ्यावर पोहोचल्यावर पश्चिम क्षितिजावर कॅस्केड रांगेतील हिमशिखरे एका ओळीत दिसतात : दक्षिणेकडे बॅचलर व ब्रोकन टॉप, मग थ्री सिस्टर्स या नावाच्या तीन भगिनी, त्यांच्या उत्तरेस माउंट वॉशिंग्टन, थ्री फिंगर्ड जॅक, आणि १०,४९७ फूट उंचीचा माउंट जेफरसन, हवा स्वच्छ असेल तर पार उत्तरेला माउंट हूडही. येथे बसून शिदोरी सोडावी. चार पावले पुढे गेल्यावर धारेच्या पश्चिम बाजूस, मुख्य डोंगरापासून सुटा झालेला सुमारे साडेतीनशे फुटांचा मंकी फेस हा सुळका अकस्मात समोर येतो. त्याच्या माथ्याला एका विशिष्ट कोनातून माकडाच्या तोंडाचा आकार आहे, आणि त्या तोंडात खरोखरीची एक गुहा आहे. १ जानेवारी १९६० रोजी डेव्ह बोन, जिम फ्रेझर व व्हिव्हियन स्टेंडर या तिघांनी हा सुळका प्रथम सर केला. आजही आरोहक त्या गुहेत बसून विसावा घेतात आणि मग तिच्या ओठावरून बाहेर, शेकडो फूट पोकळीवर पाऊल टाकून वर सरकतात. त्या पावलाच्या जागेला पॅनिक पॉइंट असे नाव आहे. समोरच्या धारेवरून हे दृश्य जवळून दिसते, आणि एखाद्या दिवशी सुळका व धार यांच्या दरम्यान ताणलेल्या पट्ट्यावरून चालणारे साहसी लोकही दृष्टीस पडतात. हे पाहताना स्वतः कड्याच्या काठाशी जाऊ नये. धारेवर कठडे नाहीत, वाऱ्याचे झोत अनपेक्षित येतात, आणि कातळावर पसरलेल्या बारीक खड्यांवरून बूट सरकण्यास निमित्त लागत नाही. मुले बरोबर असतील तर या भागात त्यांचा हात सोडू नये. छायाचित्रासाठी पाठमोरे मागे सरकणे तर सर्वथा वर्ज्य.

उतरण पश्चिमेकडून आहे आणि ती घसाऱ्याची आहे. येथे सह्याद्रीचे शिक्षण पुरेपूर कामास येते : शरीराचा भार किंचित पुढे, पावले आखूड, टाच प्रथम टेकलेली, आणि हाती काठी असल्यास ती उताराच्या बाजूस. तळवा गुळगुळीत झालेले बूट घालून या वाटेवर येऊ नये. आपल्या पायांनी दगड सुटून खाली घरंगळू लागला, तर संकोच न करता ‘रॉक!’ अशी मोठ्याने आरोळी द्यावी. तेथील प्रत्येक आरोहकाला या हाकेचा अर्थ कळतो. ती हाक आपल्या कानी पडली, तर मान वर करून पाहू नये. कड्याला चिकटून उभे राहावे आणि पिशवी डोक्यावर धरावी. खाली मंकी फेसच्या पायथ्याजवळून वाट नदीला मिळते, आणि मग नदीच्या सोबतीने दक्षिण टोकाला वळसा घालून पुन्हा पूर्वेकडच्या कड्यांखाली येते. हा वळसा लांब वाटून काही लोक ॲस्टेरिस्क पास नावाच्या खिंडीतून आडवे जाण्याचा प्रयत्न करतात. ती वाट आरोहकांची आहे; तेथे कातळावर हात-पाय लावून चढावे-उतरावे लागते, आणि चुकल्यास पडणे खोल आहे. पदयात्रिकाने तिच्या वाटेस जाऊ नये.

नदीकाठचे हे तीन-चार किलोमीटर घाईने उरकणाऱ्याने स्मिथ रॉक पाहिला असे मी म्हणणार नाही. माथ्यावरून दिसणारे शिखरांचे दर्शन सुंदर असले तरी तशी दर्शने ऑरेगनमध्ये अनेक ठिकाणी घडतात. क्रिश्चन ब्रदर्सचे सुळके, डायहेड्रल्सच्या उघड्या पुस्तकासारख्या कातळकोपऱ्यांच्या रांगा, आणि मॉर्निंग ग्लोरी वॉलची भिंत यांच्या पायथ्याशी जे दिसते ते मात्र येथचेच. अमेरिकेतील प्रस्तरारोहणाच्या इतिहासाला याच भिंतींवर वळण मिळाले. पूर्वीचा दंडक असा की, आरोहकाने तळापासून चढत जावे, कातळातील भेगांत पाचर किंवा तत्सम आधार बसवून त्यात दोर अडकवावा, आणि वरून येऊन वाट आधी तयार करू नये. या दंडकाने टफच्या सपाट, भेगाविरहित भिंती अस्पृष्टच राहिल्या. १९८० नंतर मॅड्रस गावचा ॲलन वॉट्स हा तरुण दोरावरून वरून खाली उतरत आला, सैल दगड काढून त्याने कातळ स्वच्छ केला, ठरावीक अंतरावर पोलादी बोल्ट पक्के केले, आणि मग तळापासून केवळ हाता-पायांच्या बळावर त्या वाटा चढून दाखविल्या. चेन रिॲक्शन ही त्याची १९८३ सालची चढाई जगभरच्या आरोहकांत गाजली. बोल्ट चढण्यास साहाय्य करीत नाही, केवळ पडल्यास झेलतो. तरीही जुन्या पठडीच्या लोकांनी यास लबाडी ठरवून कठोर टीका केली. १९८६ मध्ये ज्यां-बातीस्त त्रिबू या फ्रेंच आरोहकाने येथील ‘टू बोल्ट ऑर नॉट टू बी’ ही वाट सर केली. ५.१४ या काठिण्यश्रेणीची ती अमेरिकेतील पहिली चढाई, आणि तिच्या नावातच त्या काळचा सारा वाद साठविलेला आहे. माझ्या मते वॉट्सने धरलेला मार्ग योग्य होता, कारण जी भिंत अन्यथा अगम्य राहिली असती ती त्याने असंख्यांना, तुलनेने कमी धोक्यात, खुली करून दिली. पण टीकाकारांचा कातळाविषयीचा आदरही खोटा नव्हता, आणि आज बोल्ट कोठे बसवावे यासंबंधी जो विवेक पाळला जातो त्याचे श्रेय त्यांनाही आहे.

मॉर्निंग ग्लोरीच्या पायथ्याशी, वाटेपासून थोडे आत, एखाद्या दगडावर बसून एकाच जोडीकडे लक्ष द्यावे. कातळ जवळून पाहिला तर त्यात राखेत अडकलेले खडे बोराएवढे बाहेर आलेले दिसतात आणि अधूनमधून बोटाची दोन पेरे मावतील इतक्या खळग्या. या खड्यांवर व खळग्यांवर मॅग्नेशियम कार्बोनेटच्या पुडीचे पांढरे ठसे उमटलेले असतात, आणि त्या ठशांच्या मागाने वर नजर नेली की संपूर्ण चढाईचा नकाशाच वाचता येतो. वर एक मुलगी बुटाच्या टोकावर उभी असते. एक हात कमरेच्या पुडीच्या पिशवीत जातो, बाहेर येतो, पुन्हा तोच खडा चाचपून सोडून देतो. खाली तिचा सोबती दोर दोन्ही हातांत धरून, मान मागे टाकून, तिच्या प्रत्येक हालचालीबरोबर वीतभर दोर सोडतो किंवा ओढून घेतो. ‘टेक!’ असा शब्द वरून येताच तो क्षणात दोर ताणून कमरेवर भार घेतो, आणि ती कातळापासून सुटून हवेत बसल्यासारखी स्थिरावते. या सोबत्याला बिलेअर म्हणतात, आणि वरच्या व्यक्तीचे प्राण अक्षरशः त्याच्या मुठीत असतात. म्हणून त्याच्याशी बोलू नये, त्याच्या व भिंतीच्या मधून जाऊ नये, जमिनीवर पसरलेल्या दोरावर पाय देऊ नये, चढाई चालू असलेल्या वाटेच्या थेट खाली उभे राहू नये. कुत्रा बरोबर असेल तर त्याला नियमाप्रमाणे साखळीत ठेवावे. चढणारे खाली आले, पाणी प्यायले, की मग अवश्य बोलावे. ही मंडळी बहुधा आनंदाने उत्तरे देतात, आणि सह्याद्रीतील सुळक्यांविषयी ऐकण्यास उत्सुकही असतात. पाहून स्वतःला चढण्याची इच्छा झाली, तर ती त्याच दिवशी बुटांसह भिंतीला हात लावून पुरवू नये. परवानाधारक मार्गदर्शक, शिरस्त्राण व दोर यांची आगाऊ व्यवस्था करून वेगळा दिवस ठरवावा. घरच्या काळ्या दगडावरील सवयीने टफवर विसंबू नये, कारण येथील लहान खडे वजन पडताच निखळू शकतात.

या कड्यांवर माणसांचा वावर असला तरी त्यांचे खरे रहिवासी पक्षी आहेत. सोनेरी गरुड आणि प्रेअरी ससाणा येथे दरवर्षी घरटी करतात, आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत घरट्यांजवळचे काही कडे व वाटा उद्यानाच्या हुकुमाने बंद ठेवल्या जातात. तसा फलक दिसला तर हद्द ओलांडू नये. घाबरून उठलेली मादी घरटे सोडून गेली की अंडी काही वेळातच गार होतात. नदीत सकाळ-संध्याकाळ पाणमांजरे खेळताना दिसतात, काठाच्या गवतात म्यूल हरणे चरत असतात, आणि उन्हाळ्यात रॅटलस्नेक हा विषारी सर्प ऊन खात वाटेवर आलेला असू शकतो. आपली घोणस जशी फुत्कारून आपले अस्तित्व कळविते, तसा हा शेपटीच्या खुळखुळ्याने इशारा देतो; तो ऐकताच जागीच थांबावे, साप कोठे आहे ते पाहावे, आणि सावकाश मागे सरून त्याला वाट द्यावी. न पाहता दगडाच्या कपारीत हात घालू नये. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे हे प्रकार न करता त्या अवयवाची हालचाल थांबवावी आणि ९११ या क्रमांकावर मदत मागवावी. उन्हाने भोवळ आल्यास किंवा पाय मुरगळल्यासही हाच क्रमांक, आणि तो फिरविण्यात दिरंगाई करू नये.

ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, किंवा जे नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा आहेत, त्यांनी माथ्याचा आग्रह सोडावा. त्यात काहीही उणेपणा नाही. पूल ओलांडून डाव्या हाताच्या नदीकाठच्या वाटेने मॉर्निंग ग्लोरी व डायहेड्रल्सपर्यंत जाऊन परत यावे. चढ-उतार किरकोळ आहे, पाँडेरोसा पाइनची सावली अधूनमधून मिळते, आणि त्या झाडाच्या तांबूस सालीला नाक लावले तर उन्हाच्या वेळी व्हॅनिलासारखा गोड गंध येतो, याची मुलांना मोठी गंमत वाटते. नदीपर्यंतची उतरणही ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी वाहनतळाच्या बाजूने कड्याच्या काठाकाठाने जाणारी वाट आहे. समोरच्या सुळक्यांचे समग्र दर्शन तेथूनच सर्वांत चांगले होते, विशेषतः सकाळच्या उन्हात. कोणत्याही वाटेने गेलात तरी संत्र्याची साल, शेंगांची टरफले, कागद, सर्व काही पिशवीत घालून परत आणावे. ओल्या हवेत आठवड्यात कुजणारी साल येथील कोरड्या मातीत महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. वाटेवर विडी-सिगारेट तर मुळीच पेटवू नये. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते.

परतीच्या वेळी पुलाजवळ पोहोचल्यावर फेरा संपला असे समजून अनेक जण उरलेले पाणी पिऊन किंवा तोंडावर मारून बाटल्या रिकाम्या करतात. वाहनतळ अजून दीड-दोनशे फूट वर आहे, आणि दुपारी त्या वाटेवर सावली नसते. निदान अर्धा लिटर पाणी त्या चढणीसाठी शिल्लक ठेवावे.